बायो-ऑइल साठवताना, हाताळताना आणि टँकरने आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: लाकडाच्या भुशापासून फास्ट पायरोलिसिसने बनवलेलं बायो-ऑइल औद्योगिक बॉयलरमध्ये जाळायचं आहे. डिझेलची २०,००० लिटरची माइल्ड स्टीलची जुनी टाकी रिकामी पडून आहे. ती वापरावी का? तेल तीन-चार महिने टिकेल का? घट्ट झालं तर गरम करून किंवा डिझेल ओतून पातळ करता येईल का? आणि डिझेलच्याच टँकरमधून आणलं तर चालेल का?

पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं 'हो, पण अटींवर'. या चारही प्रश्नांचं मूळ एकच आहे. नावात 'ऑइल' आहे म्हणून आपण डिझेलच्या सवयी घेऊन त्याच्याकडे जातो, आणि या द्रवाच्या बाबतीत त्यातली जवळजवळ प्रत्येक सवय उलटते.

हा द्रव नेमका काय आहे ते आधी पाहू. कोरडा भुसा हवेशिवाय सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवतात, निघालेली वाफ दोन सेकंदांच्या आत थंड करतात आणि जो काळपट तपकिरी, धुरकट वासाचा द्रव मिळतो तो बायो-ऑइल. त्यात १५ ते ३० टक्के पाणी असतं. हे पाणी वेगळं काढता येण्यासारखं नसतं, ते द्रवाचाच भाग असतं. बाकीच्यात ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्ल, आल्डिहाइड, कीटोन, फिनॉल, साखरेपासून बनलेली संयुगं आणि लिग्निनचे तुकडे असतात. पीएच २ ते ३. घनता सुमारे १.२, म्हणजे पाण्यापेक्षा जड. वाफेच्या अचानक थंड होण्यामुळे अर्धवट राहिलेल्या रासायनिक क्रिया टाकीतही चालूच राहतात. थोडक्यात, हा आम्लयुक्त, पाणीदार आणि सतत बदलत राहणारा द्रव आहे. हायड्रोकार्बनशी त्याचं नातं जवळपास नाही, म्हणूनच ते डिझेलमध्ये विरघळत नाही.

जुनी टाकी

माइल्ड स्टीलला हे आम्ल खातं. पत्रा पातळ होतो हा त्यातला अर्धाच धोका आहे. विरघळलेलं लोखंड तेलात जातं, आम्ल आणि लोखंडाच्या क्रियेतून हायड्रोजन निघतो, आणि तो टाकीच्या वरच्या रिकाम्या जागेत साचतो. ज्या तेलाला काडी लावून पेटवणं अवघड, त्याच्याच टाकीत स्फोटक वायू तयार होतो तो असा. ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा दिलेले पाइप आणि शिसं हेही चालत नाहीत. पितळी व्हॉल्व्हही टाळा.

चालतं काय? स्टेनलेस स्टील, शक्यतो ३१६एल. थंड साठवणीला ३०४ निभावतं, पण जिथे तेल कोमट होतं तिथे ३१६एलच घ्या. प्लास्टिकमध्ये एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन नेहमीच्या तापमानाला उत्तम. फायबरग्लासची टाकी घ्यायची असेल तर आम्लाला टिकणाऱ्या व्हिनिल एस्टर रेझिनची घ्या, आणि तुमच्या तेलाच्या नमुन्यात त्याच लॅमिनेटचा तुकडा आठवडाभर बुडवून ठेवून मगच ऑर्डर द्या.

समजा टाकीला आतून योग्य अस्तर दिलं आणि गंजाचा प्रश्न मिटला, तरी वजनाचा राहतोच. २०,००० लिटर डिझेलचं वजन १६.८ टन, तेवढ्याच बायो-ऑइलचं २४ टन. पाया, पाय आणि तळाचे जोड ७.२ टन जास्त पेलतील की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घेतल्याशिवाय भरू नका. शिवाय तळाच्या दाबावर चालणारा लेव्हल ट्रान्समीटर डिझेलसाठी सेट केलेला असेल तर तो पातळी जवळपास १.४३ पट दाखवतो. टाकी ७० टक्के भरली की तो शंभर दाखवेल. हे निदान सुरक्षित बाजूला चुकतं. उलट, बायो-ऑइलसाठी सेट केलेल्या ट्रान्समीटरच्या टाकीत कुणी डिझेल घेतलं तर पातळी कमी दिसते आणि टाकी भरून वाहते. फ्लोटचा गेज टाळा, कारण त्याच्या दांड्यावर डांबरासारखा थर बसून तो अडकतो. रडारचा लेव्हल ट्रान्समीटर ठीक चालतो, फक्त त्याच्या तोंडावर जमणारा थर दर महिन्याला पुसावा लागतो.

आकारमानाचा हिशेबही आधीच करून ठेवा. बायो-ऑइलचा निव्वळ उष्मांक किलोला साधारण १६ मेगाज्यूल धरला तर लिटरला १९ होतो. डिझेलचा लिटरला ३६. म्हणजे तुमच्या २०,००० लिटरमध्ये फार तर १०,६०० लिटर डिझेलइतकी ऊर्जा मावते. टाकी, पंप, पाइप आणि टँकरच्या फेऱ्या या सगळ्यांचं माप यावरूनच ठरतं.

टाकीभोवतीच्या डाइकमध्ये, म्हणजे सांडलेला माल अडवणाऱ्या भिंतीच्या आत, टाकीच्या ११० टक्के माल मावला पाहिजे. उघडं काँक्रीट आम्लाने भुसभुशीत होतं, म्हणून आतून आम्लरोधक इपॉक्सीचा थर द्या. डाइकमधून पावसाचं पाणी काढणारा व्हॉल्व्ह कायम बंद आणि कुलपात ठेवा.

गॅस्केट, जिथे सगळे फसतात

टाकी स्टेनलेसची, पाइप स्टेनलेसचे, पंप स्टेनलेसचा, आणि तरीही तिसऱ्या आठवड्यात होसच्या टोकाशी ठिबकायला लागतं. होसचा कॅमलॉक कपलर, म्हणजे होस झटकन जोडायचा तुकडा, उघडून पाहा. बाजारात सहज मिळणारा कपलर ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यातलं काळं वॉशर नायट्राइल रबराचं. ॲल्युमिनियमवर पांढुरके खड्डे दिसतात, आणि वॉशर बोटाने दाबला तर तो फुगून आपल्या खाचेबाहेर आलेला असतो, नखाने त्याचा कपचा निघतो. डिझेलमध्ये हाच वॉशर वर्षानुवर्षं टिकला असता.

बायो-ऑइलला ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) आणि पीटीएफई (टेफ्लॉन) उत्तम. डिझेलला चालणारं फ्लोरोइलास्टोमर (व्हायटॉनसारखं रबर) इथे अनेकदा फुगतं, कारण या तेलातली आम्लं आणि कीटोन त्याच्यात शिरतात. पण ईपीडीएमची अडचण उलटी आहे: ते डिझेलमध्ये फुगतं. म्हणजे एकच होस आज बायो-ऑइलला आणि उद्या डिझेलला वापरता येत नाही, मग रबर कुठलंही असो. बायो-ऑइलचे होस वेगळे ठेवा, त्यांना वेगळा रंग द्या आणि कपलरचा आकारही वेगळा घ्या, म्हणजे चुकून जोडताच येणार नाही. सगळ्यात बिनघोर म्हणजे पीटीएफईचं अस्तर असलेला, बाहेरून स्टेनलेसची जाळी असलेला होस, ३१६चा कपलर आणि पीटीएफईचं आवरण असलेली गॅस्केट. खर्च जास्त आहे, पण एका गळतीच्या साफसफाईहून कमीच.

तेल 'म्हातारं' होतं, आणि उष्णतेने फार लवकर

टाकीत पडल्या पडल्या तेलातली आल्डिहाइड, फिनॉल आणि आम्लं एकमेकांशी जोडली जाऊन मोठे रेणू बनवत राहतात. त्यातून थोडं पाणी सुटतं. मोठे रेणू वाढले की तेल घट्ट होतं, पाणी वाढलं की शेवटी ते फाटतं: वर पाणीदार थर, तळाशी चिकट लिग्निन. वेग किती, तर लाकडाच्या तेलासाठी ढोबळ अंदाज असा: खोलीच्या तापमानाला विष्यंदिता (घट्टपणा) दुप्पट व्हायला सुमारे एक वर्ष, ६० अंशांना एक आठवडा, ८० अंशांना एक दिवस. प्रत्येक तेल थोडं वेगळं वागतं, पण उतार इतकाच तीव्र असतो.

म्हणून 'घट्ट झालं की गरम करू' हा उपाय त्याच रोगाला खतपाणी घालतो. टाकी कधीही गरम ठेवायची नाही. सावलीत, शक्य तितकी थंड, ४० अंशांच्या आत. तेल पातळ करायचं ते बर्नरच्या अगदी आधी, वाहत्या पाइपमध्ये, तेही ४० ते ५० अंशांपर्यंत, आणि जेवढं लगेच जाळायचं तेवढंच. गरम झालेलं तेल परत मुख्य टाकीत सोडू नका. बर्नरची रिटर्न लाइन सवयीने टाकीला जोडलेली असते. तसं असेल तर टाकीत रोज थोडं थोडं म्हातारपण ओतलं जातं. तिला डे-टँकमध्ये, म्हणजे रोजच्या वापरापुरत्या लहान टाकीत, वळवा.

हीटरच्या बाबतीत तेलाच्या तापमानापेक्षा हीटरच्या पृष्ठभागाचं तापमान महत्त्वाचं. स्टीम कॉइल किंवा विजेचा रॉड लावला तर मधलं तेल ४५ अंशांना असतं, पण कॉइलला चिकटलेला थर शंभरच्या वर जातो, तिथे पाणी उकळतं आणि उरलेलं कडक कोळशासारखं लिंपलं जातं. हे तेल पूर्ण उकळवून वाफ करताच येत नाही. तापवत गेलात तर वजनाच्या ३५ ते ५० टक्के भाग घट्ट गाळ म्हणून उरतो. त्यामुळे फक्त गरम पाण्याचं जॅकेट वापरा, पाणी ६० अंशांच्या पुढे नको, आणि प्रवाह थांबला की गरम पाणीही आपोआप बंद झालं पाहिजे.

डिझेल ओतण्याबद्दल: मिसळत नाही, वर तरंगतं. टाकी रिकामी होत आली की तो थर सलग बर्नरकडे जातो आणि जवळपास अर्ध्या उष्मांकासाठी लावलेल्या बर्नरला अचानक शुद्ध डिझेल मिळतं. पाणी ओतणं त्याहून वाईट. एका काचेच्या भांड्यात चमचाभर तेल घेऊन त्यावर तेवढंच पाणी ओतून बघा. आधी ते दुधाळ तपकिरी होतं, मग ढवळता ढवळता काठीला गडद चिकट गोळा लागतो, ताणला तर तार धरतो. एकूण पाणी साधारण ३० टक्क्यांच्या वर गेलं की हेच टाकीत घडतं, आणि तो गोळा पुन्हा विरघळवता येत नाही. म्हणून मॅनहोलच्या झाकणातून झिरपणारं पावसाचं पाणी किंवा धुतल्यावर आत राहिलेलं पाणी ही किरकोळ बाब नाही.

पातळ ठेवायचं असेल तर खरा उपाय अल्कोहोल. १० टक्के मिथेनॉल टाकल्याने घट्ट होण्याचा वेग कित्येक पटींनी कमी होतो. ते नुसतं पातळ करत नाही, क्रियाशील गटांशी जोडलं जाऊन साखळी वाढूच देत नाही. इथेनॉलही याच कामाचं आणि हाताळायला कमी विषारी. तेल ताजं असतानाच मिसळा, कारण घट्ट झालेल्याला त्याने तरुण करता येत नाही. मात्र मिसळल्या क्षणी आगीच्या दृष्टीने तो वेगळाच द्रव होतो. मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ज्योतीने पेटते ते, ११ अंश, इथेनॉलचा १३ च्या आसपास, आणि मिश्रणाचा त्यांच्या दिशेने खाली येतो. मग टाकीजवळची विजेची उपकरणं ज्वलनशील वाफेच्या क्षेत्रासाठी प्रमाणित असली पाहिजेत. तुमच्याकडे तशी व्यवस्था नसेल तर अल्कोहोल न घालता कमी दिवस साठवणं हे माझ्या मते जास्त शहाणपणाचं.

आता 'तीन-चार महिने टिकेल का' याचं उत्तर. थंड टाकी, पाणी २५ टक्क्यांच्या आसपास आणि पायरोलिसिसमधून तेलात आलेली कोळशाची भुकटी नीट गाळून काढलेली असेल तर टिकतं. ती भुकटी नुसती नोझल चोंदवत नाही. तिच्यातले पोटॅशियमसारखे क्षार म्हातारपण वेगाने आणतात. खरेदीच्या वेळी एएसटीएम डी ७५४४ या अमेरिकी मानकातला डी ग्रेड मागा: घनकण ०.२५ टक्क्यांच्या आत, राख ०.१५ च्या आत. याच मानकाच्या जी ग्रेडमध्ये घनकण २.५ टक्क्यांपर्यंत चालतात, म्हणजे दहापट. दोन्हीत पाणी ३० टक्क्यांपर्यंत आणि ४० अंशांना विष्यंदिता १२५ सेंटीस्टोक्सपर्यंत मान्य आहे. युरोपात औद्योगिक बॉयलरसाठी ईएन १६९०० हे २०१७ सालचं मानक वापरतात.

प्रत्येक खेप किती टिकाऊ आहे हे एका दिवसात कळतं. घट्ट झाकणाची काचेची बाटली ९० टक्के भरा, वजन घ्या, ८० अंशांना २४ तास ठेवा, थंड झाल्यावर पुन्हा वजन घ्या. वजन घटलं असेल तर झाकण गळलं, चाचणी रद्द. नसेल तर ४० अंशांना विष्यंदिता मोजून आधीच्या आकड्याशी ताडून पाहा. ६० ची ९० झाली तर वाढ ५० टक्के. ८० अंशांवरचे हे २४ तास म्हणजे साधारण वर्षभराच्या साठवणीइतकं म्हातारपण धरतात. विष्यंदिता दुपटीच्या पुढे गेली तर ती खेप आधी जाळा, मागे ठेवू नका. पाणी कार्ल फिशर या रासायनिक चाचणीने मोजताना आल्डिहाइड-कीटोनसाठीचं खास अभिकर्मक वापरायला सांगा. नेहमीच्यातलं मिथेनॉल त्यांच्याशी क्रिया करून स्वतःच पाणी तयार करतं आणि आकडा फुगतो.

नमुना नेहमी तीन पातळ्यांवरून घ्या: वरून, मधून, तळाच्या जरा वरून. तिन्हींतल्या पाण्यात दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर टाकीतलं तेल फाटायला लागलं आहे. टाकीत रोज थोडा वेळ पंपाने माल फिरवा, परतीचा पाइप द्रवाच्या पातळीखाली सोडून, म्हणजे हवा मिसळत नाही. वरच्या जागेत किंचित दाबाने नायट्रोजन ठेवलात तर साय कमी धरते आणि वास बाहेर येत नाही. त्याने म्हातारपण थांबतं असं मात्र समजू नका, त्या क्रियांना हवा लागतच नाही. व्हेंटवर दाब-निर्वात व्हॉल्व्ह आणि कोळशाचा फिल्टर लावा, आणि दर महिन्याला व्हेंट खरंच उघडा आहे का ते बघा. डांबराने बंद झालेला व्हेंट आणि चालू पंप यांनी टाकी आत चेपली जाते.

पंप आणि लाइन

स्क्रूचे किंवा प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटीचे पंप चांगले, त्यांचा स्टेटर, म्हणजे आतला स्थिर रबरी भाग, ईपीडीएमचा मागा. पंपाआधी दोन स्ट्रेनर समांतर लावा, म्हणजे एक साफ करताना दुसरा चालतो. डेड लेग, म्हणजे जिथे तेल नुसतं उभं राहतं असे पाइपचे तुकडे, आखणीतच टाळा.

काम संपलं की लाइन इथेनॉलने धुवायची. डिझेलने किंवा पाण्याने नाही. डिझेल या तेलाला विरघळवतच नाही, पाणी त्यातला लिग्निन पाइपच्या भिंतीवर चिकटवून टाकतं. लाइनच्या आकारमानाएवढं इथेनॉल दोनदा फिरवा, तिसऱ्या वेळी ते जवळपास स्वच्छ बाहेर यायला हवं. हेच इथेनॉल पुढच्या खेपेत मिसळता येतं, पण वरचं फ्लॅश पॉइंटचं बजावणं लक्षात ठेवून. जुना कडक थर बसला असेल तर इथेनॉल पुरत नाही, कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण कोमट करून फिरवावं लागतं, आणि त्याआधी लाइनमध्ये ॲल्युमिनियमचा एकही तुकडा नाही याची खात्री करा. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियममधून पुन्हा हायड्रोजनच निघतो.

टँकर आणि ड्रम

डिझेलचा टँकर बहुधा ॲल्युमिनियमचा किंवा माइल्ड स्टीलचा असतो, तो प्रश्न तिथेच संपतो. स्टेनलेसचा, रसायनं वाहणारा टँकर मागवा. आधी कोणता माल होता आणि टँकर कशाने धुतला याचं प्रमाणपत्र वाचा, आणि मॅनहोल उघडून आत कोरडं आहे का ते टॉर्चने बघा. वजनाची मर्यादा आकारमानाच्या आधी गाठली जाते, म्हणून कप्पा अर्धवट भरावा लागतो. अर्धवट भरलेला जड द्रव वळणावर आणि ब्रेक लागताच टँकरला ढकलतो. आत लाटरोधक पडदे असलेला किंवा लहान कप्प्यांचा टँकर घ्या आणि कप्पे एकतर नीट भरा नाहीतर रिकामे ठेवा.

कोणत्या यूएन क्रमांकाखाली (धोकादायक मालासाठीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) पाठवायचं हे माल पाठवणाऱ्याने चाचणीवरून ठरवायचं असतं. फ्लॅश पॉइंट ६० अंशांपर्यंत असेल तर वर्ग ३ चा, म्हणजे ज्वलनशील द्रवांचा, विचार होतो. या तेलाचा फ्लॅश पॉइंट तेलागणिक ४० पासून १०० च्या पुढेपर्यंत कुठेही येतो, आणि गंमत अशी की ज्योत लागून क्षणात विझते, कारण पाण्याची वाफ तिला टिकू देत नाही. ३५ अंशांहून वर फ्लॅश पॉइंट असलेला आणि प्रमाणित चाचणीत जळत न राहणारा द्रव वर्ग ३ मधून वगळता येतो. मग उरतो वर्ग ८: ५५ अंशांना स्टील किंवा ॲल्युमिनियम वर्षाला ६.२५ मिलिमीटरहून जास्त खाल्लं जात असेल तर तो संक्षारक. निकालाप्रमाणे सहसा यूएन १९९३ (ज्वलनशील), यूएन २९२४ (ज्वलनशील आणि संक्षारक) किंवा यूएन ३२६५ (आम्लधर्मी संक्षारक) यांपैकी एक नोंद लागू होते. दुसऱ्या उत्पादकाचा क्रमांक उतरवून घेऊ नका, आणि अल्कोहोल मिसळलं असेल तर चाचणी नव्याने करा.

ड्रमवरच्या यूएन खुणेत एक बारीक गोष्ट दडलेली असते. ड्रम किती सापेक्ष घनतेच्या द्रवासाठी तपासला तो आकडा तिथे छापतात, पण तो १.२ किंवा कमी असेल तर न छापण्याची मुभा आहे. म्हणजे आकडा नसलेला ड्रम १.२ पर्यंतचाच. तुमचं तेल १.२२ असेल तर तो ड्रम चालत नाही, १.४ छापलेला घ्या. हजार लिटरचा आयबीसी (फोर्कलिफ्टने उचलायची चौकोनी टाकी) भरल्यावर साडेबाराशे किलोच्या आसपास जातो, फोर्कलिफ्टची क्षमता आधी तपासा.

ड्रममध्ये निदान दहा टक्के जागा रिकामी ठेवा आणि व्हेंटचं बूच वापरा. तेलातून हळूहळू वायू सुटतो, आणि आत कुठे साधं लोखंड असेल तर जास्तच. फुगलेला ड्रम दिसला तर त्याला हात लावण्याआधी सावलीत गार होऊ द्या. मग बाजूला उभं राहून, चेहरा दूर ठेवून, ठिणगी न पाडणाऱ्या पान्याने लहान बूच पाव आटा सैल करा. फुसफुस थांबेपर्यंत तिथेच थांबा, मग पुढचा पाव आटा.

टँकर खाली करताना आधी अर्थिंग, मग टाकीत जागा किती ते प्रत्यक्ष मोजणं, मग टँकरच्या वरचा आणि तळाचा नमुना. तळाचा नमुना वरच्याहून स्पष्टपणे घट्ट असेल तर तो माल टाकीत घेऊ नका. एका फाटलेल्या खेपेने चांगली टाकीही बिघडते. पंप सुरुवातीला हळू चालवा, आणि वाफेची परतीची लाइन जोडा.

अंगावर, डोळ्यांत, जमिनीवर, आणि आगीत

डोळ्यांना हे तेल सगळ्यात घातक. चष्मा पुरत नाही, बंद गॉगल आणि होस जोडताना-सोडताना वरून फेस शील्ड. नायट्राइलचे हातमोजे शिंतोड्यांना ठीक, पण तेल लागलं की बदला. लांब कामाला ब्युटाइल रबर. वाफेत फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि फरफ्युरल असतं. नाक पाच मिनिटांत धुराच्या वासाला सरावतं, म्हणून वास कमी वाटणं हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. बंद जागेत सेंद्रिय वाफ आणि फॉर्माल्डिहाइड दोन्हींसाठी चालणारं कार्ट्रिज लावा. डोळ्यांत गेलं तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं, आणि मग लगेच डॉक्टर. कातडीवर पडलं तर साबण आणि भरपूर पाणी. डाग जावा म्हणून अल्कोहोलने चोळू नका, त्याने विरघळलेलं कातडीत आणखी शिरतं. गिळलं गेलं तर उलटी करवू नका.

जमिनीवर सांडलं तर आधी नाल्याचं तोंड बंद करा. पाण्यात गेलं की त्यातलं बरंचसं विरघळतं आणि उरलेलं तळाशी बसतं. तवंग अडवणारे तरंगते पट्टे इथे काही कामाचे नाहीत. वाळू, कोरडी माती किंवा भुसा टाकून शोषून घ्या, फावड्याने उचलून झाकणाच्या एचडीपीई पिंपात भरा, आणि उरलेल्या ओलाव्यावर खाण्याचा सोडा किंवा चुन्याची पावडर टाका. प्रमाणाचा अंदाज असा: आम्लता ग्रॅमला ८० मिलिग्रॅम केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) इतकी धरली तर १०० लिटर तेल पूर्ण शमवायला सुमारे १४.५ किलो खाण्याचा सोडा किंवा साडेसहा किलो विरवलेला चुना लागतो. म्हणजे अनलोडिंगजवळ ठेवलेली किलोभराची पुडी हे समाधान नाही, २५ किलोची गोणी ठेवा. सोडा टाकल्यावर फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइड, खड्ड्यात किंवा तळघरात तो साचू देऊ नका. वास मारायला ब्लीच कधीही ओतू नका, आम्लासोबत त्यातून क्लोरीन निघतो.

आग लागली तर पावडर, कार्बन डायऑक्साइड किंवा अल्कोहोलरोधक फोम. पेट्रोल-डिझेलचा साधा फोम पाण्यात मिसळणाऱ्या द्रवावर टिकत नाही, विशेषतः अल्कोहोल घातलेल्या मालावर तो लगेच विरून जातो. पाण्याचा फवारा शेजारच्या टाक्या थंड ठेवायला वापरा, आणि ते पाणी डाइकमध्येच अडवा.

हे सगळं बायो-ऑइलपुरतं आहे. बायोडिझेल आणि इथेनॉल हेही जैवइंधनांतच मोजले जातात, पण त्यांचे धोके वेगळे. बायोडिझेलचा फ्लॅश पॉइंट १०० अंशांच्या आसपास किंवा वर, साठवायला ते बरंच सौम्य. त्याला तांबं, पितळ, शिसं, जस्त चालत नाही, ते जुन्या टाकीतला गाळ सोडवून फिल्टर चोंदवतं, आणि त्यात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेटू शकतो, त्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. इथेनॉलच्या टाकीचा धोका वाफेत आहे. पेट्रोलच्या टाकीतली वाफ नेहमीच्या तापमानाला पेटायला फार दाट असते. इथेनॉलची वाफ मात्र ३.३ ते १९ टक्क्यांच्या पेटणाऱ्या पट्ट्यात सापडते. तिथे फ्लेम अरेस्टर आणि अर्थिंग यांवर तडजोड नको. एचव्हीओ, म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया केलेलं वनस्पती तेल, हे हायड्रोकार्बनच, त्याला डिझेलचे नियम लागू.

शेवटी जुन्या टाकीबद्दल. तुम्ही ती विकणार किंवा कापणार असाल, किंवा तिच्यात आधीच थोडं बायो-ऑइल घेऊन पाहिलं असेल, तर गॅस कटर आणण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून धुवा आणि आतला वायू मीटरने तपासा: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, ज्वलनशील वायू शून्य, कार्बन मोनॉक्साइड शून्य. मीटर वरच्या मॅनहोलशी, मधे आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी धरा. हायड्रोजन छताला साचतो, अल्कोहोलची वाफ तळाला. रिकाम्या ड्रमांनाही हाच नियम, त्यांचे अर्धे कापून कुंड्या करायला कुणाला देऊ नका.